वर्षाराणीचा खुराक

कसबा बावड्याच्या वर्षाराणीनं संख्याशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तेव्हा तिचे वडील बाळासो सगळ्यांना सांगत सुटले की पोरगी मोठमोठ्या आकड्यांचे पाढे शिकायला जाते. पहिली सहामाही निघाली. दुसरीची फी मात्र अडली. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकानं तीनदा परत पाठवला, कारण आधारकार्डावर तिच्या आडनावाला एक वेलांटी जास्त होती.

"तालमीत जा की," आई शालन भाकरी थापता थापता म्हणाली. "पैलवानांना खुराक मिळतोय, मग तुला का न्हाई?"

आईनं हे चेष्टेनं म्हटलं होतं. वर्षाराणी खरंच गेली.

गल्लीतल्या तालमीला कुणा जुन्या कुस्तीशौकिनानं दीड एकर जमीन दिलेली होती. तिच्या उत्पन्नातून होतकरू मल्लांना मदत मिळायची. वस्ताद गणपतरावांनी चष्मा लावून तालमीची घटना वाचायला घेतली. मल्ल होतकरू असावा, कष्टाळू असावा, निर्व्यसनी असावा. त्यांनी पान उलटून मागची बाजूही पाहिली.

"कुस्तीच खेळावी असं कुठं लिव्हलेलं न्हाई," ते म्हणाले.

पण शेवटचं कलम आडवं आलं. मदत रोख देऊ नये. पूर्वी एकानं रोख मदतीतून मोटरसायकल घेतली होती आणि तिच्यावरून पडून अख्खं वर्ष आखाड्याच्या कडेला बसून काढलं होतं. म्हणून वर्षाराणीच्या उच्च शिक्षणाला मदत मंजूर झाली ती अशी: रोज चार लिटर म्हशीचं दूध, महिन्याला दोन किलो बदाम आणि किलोभर तूप. अट एकच, दर महिन्याला सगळ्या पैलवानांबरोबर वजन करायचं.

चार लिटर दूध पिऊन कुणाला गणित सुटत नाही, झोप येते. वर्षाराणी एक पेला घरी प्यायची आणि उरलेल्याचा मुलींच्या होस्टेलात रतीब घालायची. बदाम ओळखीच्या मिठाईवाल्याकडे जायचे. फी साठत चालली. पण सायकलला दुधाचा कॅन लावून रोज चढ चढल्यामुळे महिन्याअखेरीस तिचं वजन किलोभर उतरलं.

वस्तादांनी स्वतः काट्यावर उभं राहून काटा तपासला. काटा बरोबर होता.

"पोरी, एवढा खुराक गेला कुठं?"

"विकला, वस्ताद," वर्षाराणी म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं होतं, पण समोर आठ पैलवान उघड्या अंगानं उभे होते. "फी भरायची हाय."

सगळ्यांत जास्त लागलं ते त्या आठांतल्या उदयसिंहाला. त्याचं वजन एकशे दहा किलो. "मी अर्धा लिटर वाढवून मागितलं तवा न्हाई म्हणालता," तो वस्तादांना म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

वस्तादांनी बराच वेळ मिशी चोळली. "इकलंस ते इकलंस. पण खुराक डोक्यात उतरला का न्हाई, ते जत्रंत बघू. जोड लावतो तुझी."

जोड ठरली पन्हाळ्याच्या ऋतुराजशी. तो गणितात एम.एस्सी. करत होता. जत्रेच्या दिवशी बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आला, तर कुणीतरी त्याच्या डोक्याला पटका बांधला. आखाड्यात दोन फळे उभे केले होते. पंच म्हणून वर्षाराणीचे सर आले होते. हलगी कडाडली. दोघांनी लाल माती कपाळाला लावली, हात मिळवले आणि खडू उचलले.

लोकांना कळावं म्हणून सरांनी सोपं गणित घातलं. दहा पैलवान आहेत, त्यांच्या पाच जोड्या किती प्रकारांनी लावता येतील?

हलगीवाल्याचा हात अजून तापलाही नव्हता, तोवर दोघांनी उत्तर लिहिलं. वर्षाराणीचं ९४५. ऋतुराजचंही ९४५.

"दोघंही बरोबर," सर म्हणाले.

लोक खवळले. दोघांचं उत्तर एकच, तेही मिनिटाच्या आत? मागून कुणीतरी ओरडलं, "नुरा हाय ही! ठरवून आलीत दोघं." वर्षाराणीचे कान लाल झाले. ऋतुराज पटका सोडायला लागला, पण गाठ पक्की होती.

वस्ताद उठून फळ्याजवळ गेले. त्यांनी दोन्ही आकडे बोटानं तपासले. "चाळीस वर्षं जोड्या लावतोय मी," ते म्हणाले. "दहा पैलवान आलं की माझ्याच्यानं चारच जोड्या लागत्यात, आन् उरलेलं दोघं माझ्याशी भांडत्यात. ही पोरं नऊशे पंचेचाळीस लावत्यात. ह्याला नुरा म्हणत्यात व्हय?"

कुस्ती बरोबरीत सुटली. दोघांना एकेक फेटा आणि नारळ मिळाला.

जून महिन्यात तालमीची सभा भरली. 'शिकणाऱ्या मल्लास फी रोख द्यावी' असं नवं कलम मांडलं गेलं. हात वर करायला सांगून वस्तादांनी मोजणी वर्षाराणीवर सोपवली. सभेला एकवीस माणसं होती आणि हात भरले बावीस. तिनं पुन्हा मोजले, तरी बावीसच. तिसऱ्यांदा मोजताना तिला दिसलं, उदयसिंहानं दोन्ही हात वर केले होते.

तिनं एकवीस लिहिलं आणि कलम मंजूर झालं.