तिच्या हातचं दुधातलं

"तुमी म्हणाल तसं," असं म्हणण्याआधी ती हात पदराला पुसायची. कोरडे असले तरी पुसायची. आधी डावा, मग उजवा, आणि मग ते तीन शब्द. समोरच्याचं म्हणणं तिला पटलंय की नाही, हे त्यातून कळायचं नाही. मला तर मुळीच कळलं नाही.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होते. ती कॅन्टीनच्या मागच्या मोरीत भांडी घासायची. सगळे तिला मावशी म्हणायचे, आणि ती मला ताई. मी तिच्या निम्म्या वयाची. एकदा तिला सांगितलं, मला नावानं हाक मारा. "बरं ताई," ती म्हणाली.

असं एखादं माणूस तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. सगळी ताटं त्याच्या हातून जातात, पण एकाही ताटात त्याच्या हातचं काही पडत नाही. एकदा आचारी आला नाही. मावशी म्हणाली, पोळ्या मी लाटते. ठेकेदाराचा माणूस हसला आणि म्हणाला, कशाला त्रास, बाहेरून मागवू. अख्ख्या पाळीचं जेवण इंदापुरातून आलं, दीड तास उशिरा आणि गार. एरवी मिठावरून भांडणारी माणसं त्या दिवशी गुपचूप जेवली. मावशी कुठल्या वस्तीत राहते, हे सगळ्यांना माहीत होतं. आता जात राहिलीय कुठे, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ती गार भाजी खायला यायला हवं होतं.

मी वडिलांनी वाटलेली चळवळीची पत्रकं वाचत अक्षरं शिकलेली मुलगी. दुसऱ्याच दिवशी, जेवण बाहेरून का आलं हे हातानं लिहून मी तो कागद सूचनाफलकावर लावला. तो दुपारपर्यंत टिकला. मावशी म्हणाली, "कागद झ्याक हुता म्हणत्यात. मला काय वाचता येत न्हाय. पण आता समदी माझ्याकडं बघत्यात, ताई." मी म्हटलं, बघू देत.

मग मार्टिनाचं यायचं ठरलं. मार्टिना ही माझी जर्मन मैत्रीण. पुण्यातल्या एका शिबिरात ओळख झाली आणि ती टिकली. दोन दिवसांसाठी ती इंदापूरला येणार होती. मी भाड्याच्या खोलीत राहणारी, डब्यावर जेवणारी. पाहुणीला काय खायला घालावं, हे मी मोरीपाशी उभं राहून मावशीला विचारलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"माझ्या घरी आणा की."

मग हळू आवाजात तिनं सांगितलं. गावातलं कुणी कामासाठी तिच्या दारात आलं, तर अंगणात उभं राहतं. चहा नको म्हणतं. फारच आग्रह झाला, तर दुकानातून थंड पेयाची बंद बाटली आणायला लावतं आणि झाकण स्वतः उघडतं. हे तिनं रडत नाही सांगितलं. बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं. शेवटी विचारलं, "जर्मनीच्या बायला ह्ये ठावं नसंल, न्हवं?"

नसेल, मी म्हटलं.

पुढचे चार दिवस भांडी घासता घासता तिचा विचार चालू होता. बाईला तिखट चालतं का? मांडी घालता येते का, का पाट लागेल? त्यांच्यात कुठला वार पाळतात का? बटाटा खातात का? मी म्हटलं, बटाट्यावरच जगतात. "मग आपल्यावानीच हायती," ती खूश होऊन म्हणाली. एवढ्या लांब नवरा एकटीला कसा सोडतो, हेही विचारून झालं. नवरा नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग सुखानं जेवंल."

पाचव्या दिवशी तिचा बेत ठरला. बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि शेवयांची खीर. शेवया तिनं उन्हाळ्यात स्वतः वळलेल्या होत्या. वस्तीत तिच्याइतक्या बारीक शेवया कुणाला जमत नाहीत, असं म्हणायचे. लग्नघरी शेवयांच्या पाटावर तिलाच बसवायचे. वस्तीबाहेर मात्र त्या कुणी चाखल्या नव्हत्या.

"दुधातलं माझ्या हातचं भायेरच्या कुणी खाल्लं न्हाय," ती म्हणाली. "यकदा खावं कुणीतरी."

आणि मी नको म्हटलं.

खीर-पुरी काय, कुठल्याही घरात मिळते, असं म्हटलं. आतड्यांची वजडी करा, ज्वारीची भाकरी करा, खर्डा करा. ज्या जेवणाला गावानं नाक मुरडलं, तेच मानानं ताटात वाढा. आपल्या अन्नाची लाज कशाला? मी बरंच बोलले. तेव्हा मला माझं बोलणं फार आवडायचं.

"वजडी तर आमी खातोच की, ताई. पावनीला बी त्येच?"

"तेच," मी म्हटलं.

तिनं डावा हात पुसला, उजवा पुसला. "तुमी म्हणाल तसं."

रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो. अंगण सारवलं होतं. ताटं नवी होती, त्यांच्यावरचे कागद अजून पुरते निघाले नव्हते. बघ्यांची गर्दी नको म्हणून तिनं दार लोटून घेतलं. मार्टिनानं मांडी घातली, भाकरी हातानं मोडली, वजडी पुन्हा मागून घेतली, डोळ्यांतून पाणी आलं तरी खर्डा संपवला. मी फोटो काढत होते. यावर लिहायच्या लेखाचं पहिलं वाक्य मनात तयार झालं होतं.

जेवण होत आलं तेव्हा मावशी चुलीपुढून उठली. कोपऱ्यातल्या पातेल्यावरचं झाकण तिनं जरा सरकवलं. वेलदोड्याचा वास आला. मार्टिनाकडे न बघता तिनं मला विचारलं, "वाईच खीर देऊ का?"

त्या काय म्हणतायत, असं मार्टिनानं विचारलं. आणखी हवं का विचारतायत, मी सांगितलं. मार्टिनानं हसून पोटावर हात ठेवला आणि मान हलवली.

"नको म्हणतीय, मावशी. पोट भरलं."

मावशीनं झाकण पुन्हा सरकवलं. तिचा मुलगा पुण्यात कामाला, घरात ती एकटीच. पातेलं काठोकाठ होतं.

लेख छापून आला. कौतुक झालं. मी तो मोरीपाशी बसून मावशीला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "खिरीचं न्हाय लिवलं?" मी कात्रणाची घडी घातली. "व्हय," ती स्वतःच म्हणाली, "खाल्लीच न्हाय तर काय लिवायचं."

गाव तिच्या अंगणात उभं राहून नको म्हणत आलं. मी तिच्या चुलीपाशी मांडी घालून, तिची भाकरी खाऊन, नको म्हटलं होतं. तेही दुसरीच्या नावानं. आपण काय करतोय, हे गावाला निदान माहीत तरी असतं.

मी तिला म्हटलं, येत्या रविवारी येते, फक्त खीर खायला. तिचा चेहरा उजळला. पण त्या रविवारी बारामतीला सभा निघाली. विषय समतेचा होता आणि भाषण माझं होतं. पुढच्या रविवारी येते, असा मी निरोप धाडला. मधल्या आठवड्यात मावशीला ताप भरला. तिला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. मी पोहोचले तेव्हा ती बोलत नव्हती. तिचे हात चादरीवर होते, भांडी घासून बोटांची टोकं पांढरी पडलेली. दोन दिवसांनी ती गेली.

नंतर एकदा मी वस्तीत गेले. घराला कुलूप होतं. शेजारची बाई बाहेर आली. त्या परदेशी बाईला आणणाऱ्या तुम्हीच ना, असं विचारून ती सांगू लागली. मावशी जाईल तिथं सांगायची म्हणे, जर्मनीच्या बाईनं माझ्या हातची खीर दोन वाट्या खाल्ली. तिसरी मागत होती, पण पातेल्यात उरली नव्हती. वस्तीतल्या निम्म्या बायकांना ते पटत नव्हतं. त्यावरून तिची थट्टाही व्हायची.

"खरं का वो ताई त्ये?"

आणखी दोघी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. पत्रकात एक शब्दही खोटा जाता कामा नये, अशी आमच्या घरची शिस्त. मी त्या शिस्तीवरून माणसं तोडली आहेत.

"व्हय," मी म्हटलं. "दोन वाट्या. माझ्यासमोर."

ती बाई मागं वळली आणि उंबऱ्यातल्या दोघींना म्हणाली, "बघा. खोटं बोलत न्हवती ती."