लंबूचं अंगुस्तान

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांच्या हाताखाली सरळ झालं ते फक्त कापड. तीस वर्षं ते आणि लंबू एकाच टेबलाशी समोरासमोर शिवत बसले. मधे इस्त्री, खडू आणि रेडिओ. काय दिवस होते ते! लंबू गुणगुणायचा, मास्तर करवादायचे, आणि दोघांचा चहा थंड व्हायचा. मग एका गिऱ्हाइकाचा कोट आखूड झाला. कापताना चुकले मास्तर, बोल लावला लंबूला, तोही गिऱ्हाइकासमोर. लंबूनं सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं आणि चालता झाला. त्याला बारा वर्षं झाली. अंगुस्तान अजून मास्तरांच्या खणात आहे.

परवा दुपारी मोबाइलवर लंबूचा फोटो उगवला. तोच हडकुळा, तेच हसू. खाली मजकूर: मित्रा, झालं गेलं विसरून जा. माझं खातं अडकलंय. तुझ्या मोबाइलवर सहा आकडी कोड येईल, तो लगेच पाठव.

कोड आलाही. मास्तरांचे डोळे भरून आले. कोड दिला की आपलं खातं चोराच्या हाती जातं, असं सुनेनं शंभरदा बजावलं होतं. पण सुनेला लंबू कुठे माहीत होता?

चार आकडे टाइप झाले आणि हात अडखळला. लंबूनं त्यांना जन्मात कधी मित्रा म्हटलं नव्हतं. आणि लगेच? तो गडी एक काज करायला अर्धा तास लावायचा! मास्तरांनी आकडे पुसले आणि विचारलं, माझा डावा खांदा किती उतरतो? त्यांच्या लग्नाचा कोट लंबूनंच शिवला होता. उत्तर आलं, मस्करी नंतर, आधी कोड.

मास्तरांना त्या लुच्च्याचा राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्यासाठी कान आसुसले होते, ते खोटं निघालं. पण लंबूच्या नावानं कुणी भामटा लोकांना गंडवतोय, हे त्याला सांगायला नको? मापांच्या जुन्या वहीत नंबर होता. तो लावायचं धाडस बारा वर्षं झालं नव्हतं.

लंबूनं सगळं ऐकून घेतलं.

"दिलास कोड?"

"नाही. त्याला माझा खांदा माहीत नव्हता." मास्तर पुढे म्हणाले, "आणि त्या गिऱ्हाइकाचा कोट मीच आखूड कापला होता."



"दीड बोट उतरतो," लंबू म्हणाला. "भर लग्नात कुणाला कळू दिलं नाही मी."