स्मशानवाटेवरचं न्हाणीघर

काळुरामकाका, तुमचं न्हाणीघर काल पहिल्यांदा गच्च भरलं. एकही नळ रिकामा नव्हता. तुम्हाला पोचवून आलेली माणसं आंघोळ करत होती.

एवढं लिहून हेमांगीने पेन खाली ठेवलं. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा शुद्ध वेडेपणा, हे तिलाही कळत होतं.

काळुराम धाटावला रंगाच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. आत आंघोळीची सोय होती, पण ती कायमच्या कामगारांना. कंत्राटी माणसाच्या अंगाला जणू रंग लागतच नाही. शिफ्ट सुटली की पिवळ्या भुकटीने माखलेला तो बसमध्ये चढे. "म्हाताऱ्याला हळद लागली रे," पोरं चिडवत, तोही हसे. घरी मात्र नात, किमया, हात पसरून दारात उभी असे आणि बायको, सीताबाई, तिला मागे ओढे. नळाला पाणी येऊन याची आंघोळ होईपर्यंत पोर झोपून जाई. नातीला जागेपणी उचलून घ्यायचं, एवढ्यासाठी हा माणूस कामगारांसाठी न्हाणीघर मागत नगरपालिकेत खेटे घालत राहिला.

मंजुरी मिळाली, आराखड्याचं काम पेणच्या वास्तुविशारद हेमांगीकडे आलं. तिने त्यात जीव ओतला: गरम पाणी, कपडे बदलायला कोरडी खोली, उंच झरोके. जागा दोघांनी मिळून पसंत केली. रोह्यात नदीलगत, बसथांब्याजवळ. तीच वाट पुढे स्मशानात जाते, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण डोक्यात फक्त कामगार.

उद्घाटनाआधीच एक प्रेतयात्रा परतली. थंडी होती, आत गरम पाणी होतं. रखवालदाराने दार उघडून दिलं. झालं. ते सुतकाचं न्हाणीघर ठरलं. कामगार फिरकेनात. काळुराम तेवढा हट्टाने तिथे न्हाऊन घरी जाई आणि सीताबाई त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवी, पुन्हा नळाला पाणी येईपर्यंत.

"ताई, तू एकदा घरा ये," तो फोनवर म्हणाला होता. "तिला सांग, तिथलं पाणी साधंच हाय. माजं आयकत नाय ती."

रविवारी येते, असं हेमांगीने सांगितलं. त्या रविवारी हमरापूरला एका मूर्तिकाराच्या कारखान्याचं मोजमाप निघालं, पुढच्या रविवारी आणखी काही. पेणहून रोहा ते केवढं लांब!

काल, तो गेल्यावर, हेमांगी त्याच्या घरी गेली. सीताबाई दारात बसली होती, मांडीवर किमया, टक्क जागी. न्हाणीघरातून आलेली माणसं ओल्या कपड्यांनी अंगणात उभी होती. पाण्याबद्दल हेमांगी एक शब्द बोलली नाही.