श्वास सोडल्यावरचं माप

दीडबोट मास्तरांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी एकाच दुकानात कोट शिवले, आणि चाळीस वर्षं प्रत्येक मापात गिऱ्हाइकाला न सांगता दीड बोट जास्त धरलं. कोणी पकडलंच, तर म्हणायचे, "मापाला उभा राहिलेला माणूस खोटं बोलतो. तोंडाने नाही, पोटाने."

आणि ते खरंच होतं हो! कमरेला टेप लागायचा अवकाश, न्यायाधीश असो की हमाल, पोट आत आणि छाती बाहेर. हाच माणूस महिन्याभराने येऊन काउंटरवर हात आपटणार की तुम्ही कोट घट्ट केलात. यावर मास्तरांनी एक उपाय शोधला होता. माप घेता घेता ते किस्सा सांगायचे. नमनालाच घडाभर तेल, इकडचं तिकडचं बरंच, आणि मग त्यांचा तो हुकमी नवरदेव. या नवरदेवाने हट्टाने इतकी तंग पँट शिवून घेतली की बसायची सोय राहिली नाही, अख्खं लग्न त्याने उभ्याने काढलं, आणि सासरा गावभर सांगत सुटला की जावई फार नम्र, आमच्यासमोर बसतसुद्धा नाही. इथे गिऱ्हाईक खदखदून हसायचं, पोट सुटायचं, आणि तेवढ्यात टेप फिरलेली असायची.

पुढे डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा जाईना, काळ्या कापडावरची काळी शिवण दिसेना, तेव्हा मास्तरांनी दुकानाची किल्ली धाकट्या लेकीच्या हातात ठेवली. लेकीचा हात सोन्यासारखा, पण स्वभाव घुमा. दिवसभरात ती जेवढं बोलायची तेवढं मास्तर एक बटण लावताना बोलून जात. आई म्हणायची, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, या पोरीचं दुकान चालायचं कसं?

मास्तर वरच्या मजल्यावर राहायचे आणि दिवसातून दहा वेळा खाली उतरायचे. एकदा तिने कापलेल्या कॉलरवर ते गिऱ्हाइकासमोरच बोलले. गिऱ्हाइकाने लगेच तिच्याकडे पाठ केली आणि उरलेलं सगळं मास्तरांना विचारलं. तो माणूस गेल्यावर लेकीने कात्री खाली ठेवली. म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे असलात की मी कोणाला दिसतच नाही." मास्तरांनी त्याच दिवशी शब्द दिला की यापुढे तिच्या कामात तोंड उघडणार नाही. ज्यांना ओळखीचा माणूस भेटला की रस्ता ओलांडायला अर्धा तास लागतो, त्यांनी हा शब्द दिला म्हणजे काय ते समजून घ्या.

आणि मग आली ती ऑर्डर! अग्निशामक दलाच्या बँडचे कोट. लाल कापड, सोनेरी बटणं, चौदा जण, आणि बँडच्या मोठ्या स्पर्धेला जेमतेम बारा दिवस. लेकीने आई-वडिलांना सांगूनच टाकलं, की हे नीट झालं तर दुकान माझं. बिघडलं तर किल्ली परत घ्या, तयार कपड्यांच्या कारखान्यात मला जागा आहे, तिथे कोणाची मापंच घ्यावी लागत नाहीत. ती उगाच बोलणाऱ्यातली नव्हती. त्या क्षणापासून मास्तरांच्या जिवाला घोर लागला.

मापाच्या दिवशी ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होते. खाली चौदा जवान रांगेत उभे. त्यांचा म्होरक्या, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, त्याने खणखणीत आवाजात हुकूम सोडला, "सावधान!" लेकीने एकेकाचं माप घेतलं, वहीत लिहिलं, अर्ध्या तासात चौदा माणसं मोकळी. मास्तर कान टवकारून ऐकत होते. सगळं ऐकू आलं, टेपची सळसळसुद्धा. हसण्याचा आवाज मात्र एकदाही आला नाही.

मास्तरांच्या काळजात चर्र झालं. सावधान उभी राहिलेली माणसं, आणि वाजवणार काय, तर ट्रम्पेट आणि भोंगे! घोडं पेंड कुठे खातंय ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. पण शब्द दिला होता. बायको म्हणाली, अहो, एका वाक्याचं तर काम आहे, जाऊन सांगा. मास्तर मूग गिळून बसले. आता खरं सांगायचं तर त्या गप्प बसण्यात नुसता शब्द पाळणं नव्हतं. थोडा रुसवाही होता. तिने वर यावं, विचारावं, असं त्यांना वाटत होतं. माणसाचं असंच असतं, उपकार करायला तो एका पायावर तयार असतो, फक्त आधी कोणीतरी विनवणी करायला हवी. अकरा दिवस मास्तर विनवणीची वाट बघत बसले आणि अकरा दिवस खाली मशीन खडखडत राहिलं. मधे कच्च्या शिलाईवर कोट घालून बघायचे होते, तर नेमकी त्याच दिवशी आगीची वर्दी आली आणि जवान अर्ध्या वाटेतून परत पळाले.

स्पर्धा दुपारी चारला. सकाळी नऊला चौदा जण दुकानात कोट घालून उभे राहिले, आणि काय दिसत होते! आरशापुढे गर्दी, मिशांना पीळ, कॅप्टन तर स्वतःलाच सलाम ठोकायचा बाकी होता. लेकीच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. मग कॅप्टनला हुक्की आली की एकदा वाजवून बघू. सगळ्यात मोठा भोंगा वाजवणारा जो जाडा जवान होता, त्याने खोल श्वास घेतला.

पहिलं बटण आरशावर आपटलं. दुसरं कॅप्टनच्या चहात पडलं. तिसरं कुठे गेलं ते आजतागायत सापडलेलं नाही.

मग रांगच लागली. क्लॅरिनेटवाल्याची शिवण टरकली, ट्रम्पेटवाल्यांनी भीतीने श्वासच घेतला नाही, आणि त्यामुळे सूर असा निघाला की रस्त्यावरचं कुत्रं रडायला लागलं. ढोलवाले तेवढे तिघं सुखरूप होते, कारण ढोल पोटाने वाजवत नाहीत. अकरा कोट वाया, हातात सात तास. कॅप्टनच्या तोंडचं पाणी पळालं. लेक भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तिची नजर टांगलेल्या किल्लीकडे गेली.

मास्तर जिना उतरून आले, तेही चप्पल न घालता. आता सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. कॅप्टन म्हणाला, मास्तर, आता तुम्हीच सांगा. लेकही बघत होती. अकरा दिवस ज्याची वाट पाहिली ती विनवणी समोर हात जोडून उभी होती, आणि उत्तर जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य, की वाहवा! पण त्यांना लेकीचा चेहरा दिसला. अंधुक दिसला, तरी पुरेसा दिसला. आपण बोललो तर कोट वाचतील आणि ही जाईल, हे त्यांना कळलं, आणि अकरा दिवसांच्या रुसव्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी बसकं स्टूल ओढलं, लेकीच्या पायाशी बसले, जाड्या जवानाचा काढलेला कोट मांडीवर घेऊन त्याची बाजूची शिवण बोटांनी चाचपली. आत चांगलं दोन बोटं कापड राखून ठेवलेलं होतं. शिवणीत माया सोडायला ती विसरली नव्हती. मास्तरांनी उसवायचं हत्यार हातात घेतलं आणि एवढंच विचारलं, "कुठला आधी उसवू?"

लेकीने भिंतीचा टेका सोडला. मग म्हणाली, "हाच. दोन्ही बाजू." आणि टेप घेऊन ती जाड्या जवानाकडे वळली. त्याने सवयीने टाचा जुळवल्या, पोट आत घेतलं. तिने टेप लावली आणि तशीच थांबली. त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग टेबलावर ठेवलेल्या त्या भोंग्याकडे.

"तो उचला," ती म्हणाली. "आणि वाजवा."

"काय वाजवू?"

"चार वाजता वाजवणार आहात तेच."

त्याने भोंगा उचलला, श्वास भरला आणि वाजवलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. टेप लेकीच्या बोटांमधून सरसरत चार बोटं पुढे गेली आणि तिथे तिने ती चिमटीत पकडली. मास्तर हातातलं काम सोडून ऐकत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी माणसांना हसवून खरं माप काढलं होतं. हसणारा माणूस खरा असतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. आपल्या कामात बुडालेला माणूस त्याहून खरा असतो, हे त्यांना आज या वयात कळत होतं, आणि तेही आपल्या घुम्या पोरीकडून! त्यांना इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. ओरडले नाहीत, शब्द दिला होता.

पुढचे सहा तास त्या दुकानात जे चाललं ते काय सांगावं! एकामागून एक जवान वाजवतोय, लेक माप घेऊन मशीनवर नवी शिवण मारतेय, मास्तर डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने शिवणी उसवताहेत, उसवायला डोळे लागतात कुठे? बायको खाली येऊन बटणं पक्की करतेय, ढोलवाले तिघं इस्त्री मारताहेत, आणि बाहेर गर्दी जमलीय की शिंप्याच्या दुकानात बँड कसला वाजतोय. प्रत्येक कोट घालून झाला की पुन्हा वाजवून बघायचं, हा लेकीचा हुकूम. कॅप्टनने एकदा घाई केली, तर तिने त्यालाच इस्त्रीला उभं केलं. साडेतीनला शेवटचा कोट झाला, आणि सगळी वरात आगीच्या बंबात बसून निघाली.

मैदानावर मास्तर सर्वात पुढे बसले, पण त्यांना दिसत होता तो नुसता लाल रंग. बँड सुरू झाला, सूर चढत गेले, जाड्या जवानाचा तो लांबलचक सूर आला. मास्तरांनी बायकोचा हात घट्ट धरला आणि विचारलं, अगं, बटणं? बायको शेवटपर्यंत मोजत राहिली. मग म्हणाली, "सगळी आहेत. आता तुम्ही श्वास घ्या."

बँडला दुसरा नंबर मिळाला. पहिला हुकल्याचं कॅप्टनला फार वाईट वाटलं, पण मास्तरांच्या घरी पेढेच वाटायचे बाकी होते. त्या आठवड्यात एका शाळेचा बँड माप द्यायला आला आणि त्यांनी सरळ लेकीलाच विचारलं. किल्ली तिच्या कमरेला होती.

नंतर एका दुपारी लेकीने वर हाक मारली. बाबा, तुमचा कोट फार जुना झालाय, खाली या. मास्तर पाटावर उभे राहिले. टेप कमरेला लागली मात्र, आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोटांना हसलेल्या या गृहस्थाने स्वतःचं पोट आत ओढून धरलं. त्यांना कळलंसुद्धा नाही.

लेकीने टेप सैल सोडली. "बाबा," ती म्हणाली, "तो नवरदेव लग्नात उभाच का राहिला हो?"

मास्तरांची कळी खुलली. हा किस्सा तिने शंभर वेळा ऐकला होता, पण विचारला कधीच नव्हता. त्यांनी पार पँटीच्या कापडापासून सुरुवात केली, दर्जा सांगितला, नवरदेवाची चाल करून दाखवली. सासरा बोलायला लागला तेव्हा ते स्वतःच इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसून बघतात तर लेक वहीत आकडा लिहीत होती, आणि टेप केव्हाच तिच्या गळ्यात परत गेली होती.