आईने आमच्यावर केलेली केस

आईने आम्हा तिन्ही भावंडांवर केस केली, ते मला नाशिकला कुकर लावताना कळलं. विंचूरहून थोरल्या भावाचा फोन आला.

"आईनं प्रांतांकडे अर्ज दिलाय. मुलं नीट सांभाळत नाय म्हणून. तुझंबी नाव हाय."

"माझं कसं, दादा?"

"कायद्यात मुलगीपण येते म्हणे." आईच्या अर्जापेक्षा त्याला याचाच जास्त धक्का बसला होता.

वडील गेल्यावर भावांनी आईला वाटून घेतलं होतं. एक महिना दादाकडे, एक महिना धाकट्याकडे एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये. आईचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर दादाच्या घरामागेच होतं. त्यात दादा कांद्याच्या रिकाम्या गोण्या ठेवायचा.

सुनावणीला आम्ही सगळे एकाच गाडीतून गेलो. आईला गाडी लागते, म्हणून तिला पुढे बसवलं. धाकट्याने तिला लिमलेटची गोळी दिली, तिने ती घेतली.

"माझं नाव का घातलंस?" मी विचारलं.

"मुलं किती, असं विचारलं त्यांनी. तीन सांगितली. खोटं कशाला बोलू?"

प्रांताधिकारी बाई वयाने माझ्याहून लहान होत्या.

"आजी, मुलं जेवायला देत नाहीत का?"

"देतात की. चांगलं देतात."

"मारहाण? शिवीगाळ?"

"नाय बा."

"मग तक्रार काय आहे?"

"मला माझ्या घरात राहायचंय. सांगून पाहिलं. हा म्हणतो, लोक काय म्हणतील. म्हणून इथं आले. आता लोकांना कळलंच हाय."

दादा पंख्याकडे बघत राहिला. बाईंनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

आईच्या बाबतीत आजवर कोणी माझं म्हणणं विचारलं नव्हतं. "तिचं घर तिला द्यावं," मी म्हटलं. आईने लगेच जोडलं, "आणि हिनं महिन्यातून दोन दिवस येऊन राहावं. माहेरपणाला नाय, कामाला."

बाईंनी आमची संमती विचारली आणि घराबरोबर तेही आदेशात लिहिलं.

दादाने गोण्या हलवल्या आणि भिंतींना चुना लावला. धाकट्याने सगळं वायरिंग बदललं. आई राहायला गेली. पहिल्या खेपेला मी माळा झाडला, डबे घासले, आणि संध्याकाळीच घरी जायची पिशवी भरली.

"आदेशात दोन दिवस हाय," आई म्हणाली. मी पिशवी पुन्हा खुंटीला लावली.