नाल्याकाठची गाडी आणि गवताची गाठ

या ग्रुपवर कोणी चकव्याचा, भुताखेताचा अनुभव टाकला की खाली खवचट कमेंट करणारा एक जण असतो ना... तो मीच. आमचं बौद्ध घर. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून आमच्याकडे लिंबू फक्त पोह्यांवर पिळायला येतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा.

मी मूळचा वरोऱ्याचा. गावोगावच्या नळयोजनेचे सोलर पंप दुरुस्त करतो, म्हणून आलापल्लीला खोली घेऊन राहायचो. या कामाला मोटरसायकल लागतेच. पहिली गाडी चंद्रपुरात एका लग्नाच्या हॉलबाहेरून चोरीला गेली — मी आत मठ्ठा पीत होतो आणि बाहेर चोर किक मारत होता! दुसरी घेतली तेव्हापासून मी गाडीच्या बाबतीत येडाच झालो. हँडल लॉक, चाकाला साखळी, साखळीला कुलूप, आणि एवढं करून प्लगची टोपी काढून खिशात, म्हणजे किक मारली तरी गाडी सुरू होऊ नये. माझा रूम पार्टनर प्रशांत म्हणायचा, "झोपतानी उशाशीच घेत जा ना बे तिले."

गोष्ट गेल्या वर्षीची, पावसाळा संपता संपताची. एटापल्लीच्या आत एक गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. डांबरी रस्ता सोडून जंगलातली कच्ची वाट धरली की अर्ध्या तासात नाला लागतो. गाव नाल्यापलीकडे. पाणी कंबरभर, त्यामुळे गाडी अलीकडेच ठेवायची आणि पान्यांची पिशवी डोक्यावर घेऊन पलीकडे जायचं. ही कच्ची वाट एकच आहे, तिला कुठेही फाटा नाही.

त्या दिवशी नाल्याजवळ मंगरीबाई शेळ्या चारत होती. त्याच गावची माडिया आदिवासी बाई, पन्नाशीची. पंपाच्या कामाला गेलो की तिच्याच घरी माझा चहा व्हायचा. माझी साखळी-कुलपाची खटपट बघून ती हसायला लागली.

"भाऊ, इथी कोन नेते तुही गाडी?"

"अन् गेली म्हंजे? तू देशील का मले?"

"मंग थांब, गाठ बांधून देते."

त्या भागात एक रीत आहे. कोणी जंगलात सरपण, बांबू किंवा मोहाचा ढीग जमा केला आणि लगेच नेता येत नसेल, तर त्यावर गवताची गाठ बांधून जातात. म्हणजे याला धनी आहे. मग दुसरं कोणी हात लावत नाही. आणि गाठ ज्याने बांधली त्यानेच सोडायची.

मला काय, फुकटात आणखी एक कुलूप मिळत होतं. मी गाडीवर बसूनच हँडल लॉक करत होतो. मंगरीबाई हिरवं गवत पिळून जवळ आली आणि थांबली.

"उतर ना भाऊ पयले. वर मानूस असन तं नाई बांधत."

"बांध ना बाई, मले उशीर होऊन राह्यला."

तिला ते पटलं नव्हतं. पण मी घाई लावली आणि तिने हँडलला गाठ बांधली.

पंपाचं काम आटोपून दुपारी परत आलो. मंगरीबाई शेळ्या घेऊन कुठे आत गेली होती. गाडीपाशी थोडी रेंज येते. मोबाईलवर आईचे कितीतरी मिस्ड कॉल. लावला तर आई रडत होती.

"कुठी हायेस रे? सुजाले गडचिरोलीले भरती केलं. रक्त एकदम कमी झालं म्हंते डॉक्टर. तुहंच लागते, दुसरं भेटून नाई राह्यलं. निघ लवकर!"

सुजाता माझी धाकटी बहीण, गडचिरोलीत नोकरीला. तिला सिकलसेल आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत या रक्ताच्या आजाराचं नाव कोणाला नवीन नाही. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह, घरात फक्त माझ्याशी जुळणारा. लहानपणी अंग दुखायला लागलं की ती रात्रभर म्हणायची, दादा, पाय दाब. मी दाबत बसायचो.

मी गाठ ओरबाडून तोडली, फेकली, कुलपं काढली आणि गाडी पिटाळली. अर्धा तास झाला, आता डांबर लागेल म्हणेपर्यंत समोर पाणी चमकलं. तोच नाला. माझ्याच स्टँडचा चिखलातला खड्डा. वाटलं, डोकं ठिकाणावर नाही, कुठेतरी वळलो असेन. गाडी फिरवली... पुन्हा नाला. आणि या वेळी हँडलला गवताची गाठ होती.

तेवढ्यात आईचा फोन.

"कुठवर आला?"

"निघालो, आई." दुसरं काय सांगणार होतो?

मंगरीबाईला हाका मारल्या. उत्तर नाही. गावात जाऊन तिला आणावं म्हणून पाण्यात शिरलो, नाला ओलांडून काठ चढलो — समोर माझीच गाडी. मग वाटेने पायी पळत सुटलो. धापा टाकत थांबलो तर पुन्हा गाडीपाशी. मला देता येतील तेवढ्या शिव्या दिल्या, आणि मग खाली बसून लहान पोरासारखा रडलो. चारी बाजूंनी मोकळं जंगल, वर लख्ख ऊन, आणि मला बाहेर पडायला जागा नव्हती. तिकडे माझी बहीण पडलेली.

रडता रडता लक्षात आलं की पायी निघालो तेव्हाही मी आधी गाडीला साखळी लावली होती. दोन्ही वेळा! बहीण मरणाच्या दारात आणि माझी किल्ली खिशात, प्लगची टोपी खिशात. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती. मी साखळी काढून फेकली, टोपी बसवली, किल्ली गाडीलाच लावली आणि मोठ्याने म्हणालो, "ज्याले पायजे त्यानं न्या. मले जाऊ द्या."

कोणाला म्हणालो, ठाऊक नाही. मागे न बघता पळालो. या वेळी डांबरी रस्ता आला. खनिजाचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "क्या हुआ भाई, भूत देख लिया क्या?" पुढे आष्टीहून दुसरी गाडी मिळाली. रात्री गडचिरोलीत माझ्या रक्ताची बाटली भरली, आणि पहाटे सुजाताने डोळे उघडून पाणी मागितलं.

दिवाळीनंतर प्रशांतला घेऊन गाडी आणायला गेलो. गाडी जागेवरच होती. किल्ली तशीच, टायरमध्ये हवा तशीच. हँडलला गाठ, हिरवीगार. मंगरीबाईला बोलावून म्हटलं, सोड आता. तिने गाठ नीट पाहिली आणि हात मागे घेतला.

"हे माही गाठ नाई भाऊ. माही तं तूच तोडली."

"मंग कोनाची हाय?"

"जो बांधला तोच सोडन." ती शेळ्या हाकत निघून गेली. एरवी टिंगल करणारा प्रशांत हळूच म्हणाला, "चाल बे इथून."

या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. नाला कोरडा, गवत जळून पिवळं पडलेलं. हँडलवरची गाठ मात्र हिरवीच.

मी भास म्हणून बघितलं, थकवा म्हणून बघितलं. काहीच बसत नाही. आता मी खोलीही गडचिरोलीत केली आहे, सुजाताच्या जवळ. मागच्या आठवड्यात चिडून ठरवलं, पक्कड न्यायची आणि गाठ सरळ कापायची. पिशवी भरत होतो तर सुजाताने पक्कड हातातून काढून घेतली. असलं काही न मानण्यात आमच्या घरात माझ्याहून कट्टर कोणी असेल तर तीच.

"दादा, राहू दे ना ते गाडी," ती म्हणाली. "गाठ कापली अन् बांधनाऱ्यानं गाडीच्या जागी तुले परत मांगितलं तं? मी दादा कुठून आनू?"

मी पिशवी रिकामी केली. गाडी अजून तिथेच उभी आहे.