गोधडी हुंगणारी

ओली गोधडी माझ्या डोक्यावर, आणि समोर बोर्डिंगच्या साठ मुली डोळे मिटून प्रार्थना म्हणतायत. मिटलेले कसले! निम्म्याजणी पापण्यांतून माझ्याकडेच बघत होत्या. गोधडीचं पाणी कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठावर येत होतं. पुसायचं नाही. हात खाली. वय माझं नऊ.

नगरच्या एका मिशन बोर्डिंगातली ही पद्धत. रात्री अंथरूण ओलं केलं की त्या मुलीनं सकाळी आपली गोधडी डोक्यावर घेऊन विहिरीपाशी उभं राहायचं. प्रार्थना संपली की बाकीच्या एकेक करून पुढून जाणार आणि नाक दाबणार. एखादीनं दाबलं नाही तर मोठ्या बाई ओरडायच्या, "दाबा नाक! तिला लाज वाटली पाहिजे."

मोठ्या बाई म्हणजे बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंट. त्यांच्या आजोबांनी ब्राह्मणपण सोडून बाप्तिस्मा घेतला होता. सोडलं होतं म्हणे. नातीच्या नाकात ते जसंच्या तसं शाबूत होतं. रुमाल नाकाला लावून त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "महारवाड्यातून उचलून आणलं, धुतलं, देवाचं नाव दिलं. वास काही जात नाही." हळू नाही बोलल्या. मला ऐकू जावं म्हणूनच बोलल्या.

ती गोधडी माझ्या आईच्या लुगड्यांची होती. पारनेरकडच्या आमच्या गावात आई पटकीनं गेली, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तिनं ती शिवली. बाप लढाईवर. कुठल्या मुलखात नेलाय ते आम्हाला कळायचं नाही, आणि पुढं तो आलाच नाही. माझं माणूस म्हणाल तर ती एक गोधडी. तिच्याकडे बघून साठ जणींनी नाक दाबलं. अजून सांगताना तोंड कडू होतं.

वर दुपारच्या घंटेनंतर मला पाणी बंद. जीभ टाळूला चिकटायची. बाईंच्या गुलाबांना माळी पाणी घालायचा, ते मी आळ्यातून ओंजळीनं प्यायचे. शेणखताचं पाणी. किडे वळवळायचे त्यात. गुलाबाला पाणी होतं, मला नव्हतं. आणि इतकं करून अंथरूण ओलं व्हायचं ते व्हायचंच.

स्वयंपाकघरातल्या सगुणामावशीनं मला एकदा त्या आळ्यापाशी पकडलं. दंडाला धरून चुलीपाशी नेलं आणि तांब्या पुढं केला.

"पी. पोटभर पी. बगते कोन काय म्हनतंय ते."

मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "झोपंत काय दिसतं गं तुला?"

वर्षभरात हे कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरनं नाही, बाईंनी नाही, दर रविवारी मायेवर तासभर बोलणाऱ्या पाद्रीसाहेबांनी नाही.

मी म्हणाले, "आई दिसती. नदीला धुनं धुती. ये म्हनती. मग मी पान्यात जाती."

मावशीचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला भान नव्हतं. मग नाक ओढून म्हणाली, "आता दिसली का म्हनायचं, आये, मी काठाव बसती, तूच वर ये. रोज झोपाया जाताना मला हितं म्हनून दाखवायचं. इसरायचं न्हाई."

रोज म्हणून दाखवलं. महिना-दीड महिन्यात गोधडी कोरडी राहायला लागली. सही म्हणून अंगठा उठवणारी बाई ती. तिनं जे केलं ते बोर्डिंगातल्या एकाही शिकलेल्या माणसाला जमलं नाही.

आता माझी घाण ऐका.

पंधराव्या वर्षी मी मोठ्या मुलींत गेले आणि बाईंनी मला हुंगणारी केलं. हो, हेच काम. सकाळच्या पहिल्या घंटेला लहान मुलींच्या खोलीत जायचं, एकेक गोधडी उचलून नाकाला लावायची, ओली सापडली की नाव सांगायचं. बाई हसून म्हणायच्या, "चोराच्या वाटा चोराला ठाऊक." आणि मला ते कौतुक वाटायचं! थू माझ्या जिंदगानीवर. बदल्यात मास्तरणीच्या ट्रेनिंगला माझ्या नावाची शिफारस जाणार होती. सगुणामावशी तोवर थकून गावी गेली होती. असती तर तिनं मला फुंकणी फेकून मारली असती. त्याच साली स्वराज्य आलं. बोर्डिंगात झेंडा लागला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गोधड्या हुंगल्या.

मग मार्था आली. सात वर्षांची, आईबाप नसलेली, चुलत्यानं आणून सोडलेली. चावायची. कोणी अंगाला हात लावला की मनगटात दात. बाई म्हणायच्या, "सैतान आहे हिच्यात." तिची गोधडी रोज ओली. मी रोज हुंगायचे, रोज नाव सांगायचे, रोज ती विहिरीपाशी उभी. आठ दिवस झाल्यावर बाईंनी हुकूम काढला. "आणखी एकदा ओली सापडली की चुलत्याला निरोप. घेऊन जा म्हणावं परत."

दुसऱ्या सकाळी मी तिची गोधडी उचलली. ओली. ती भिंतीला चिकटून बसली होती, परकर वर सरकलेला. मांडीवर डाग होते. ओळीनं चार. जुने, काळे पडलेले.

"हे काय गं?" मी विचारलं. आठ दिवसांत मी तिला पहिल्यांदा काहीतरी विचारत होते.

"उलथनं," ती म्हणाली. "काका लावतो. मुतली का लावतो. मी झोपतच न्हाई, अक्का. तरी हुतं."

मुताच्या वासाची नाही, मला माझ्या नाकाची किळस आली. काय विचारायचं असतं ते त्या बोर्डिंगात फक्त मला माहीत होतं, आणि मी हुंगत बसले होते.

गोधडी घेऊन मी सरळ बाईंच्या व्हरांड्यात गेले. त्या चहा घेत होत्या. टेबलावर पांढरीशुभ्र चादर, बशीत बिस्किटं. मी डाग सांगितले. चुलता काय करतो ते सांगितलं. म्हणाले, "तिला घरी धाडू नका, बाई. माझ्याजवळ झोपू द्या. मी विचारते तिला. थांबेल ते."

बाईंनी बिस्किट चहात बुडवलं. "ओली आहे का, तेवढं सांग. तुझं काम तेवढंच."

"बाई, तिला जाळतात तिथं."

"हुंग आणि सांग."

मी गोधडी टेबलावर टाकली. कपबशीवर. चहा सांडला, बिस्किटं त्यात गेली.

"मी न्हाई हुंगत. हुंगायचं असंल तर तुमी हुंगा!"

सहा वर्षं घासून घासून शिकवलेलं शुद्ध मराठी एका झटक्यात गळून पडलं. बरं झालं, पीडा गेली.

बाई उठल्या. रुमाल नाकाला. "शेवटी जातीवर गेलीस. शिफारस विसर आता."

"इसरले," मी म्हणाले.

निरोप गेलाच. चुलता यायला दोन दिवस लागले. त्या दोन रात्री मार्था माझ्या कुशीत झोपली. काय दिसतं म्हणून विचारलं, तर माझा पदर मुठीत धरून पडून राहिली. दुसऱ्या सकाळी गोधडी कोरडी. मी ती बाईंना नेऊन दाखवली. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

चुलता आला. हसतमुख, वाकून नमस्कार करणारा. मी त्याच्यासमोर डागांचं बोलले तर म्हणतो कसा, "घरचा मामला हाय." आणि बाई म्हणाल्या, "खरं आहे." मी फाटकात आडवी उभी राहिले. माळ्यानं मला धरून बाजूला केलं.

मार्थाला त्यानं दंडाला धरून नेलं. ती त्या दिवशी कोणाला चावली नाही. फाटकातून मागं वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "अक्का, नाव तूच सांगितलं हुतंस."

ती परत कधी दिसली नाही.

मला बोर्डिंगातून काढलं. सातवीच्या फायनल परीक्षेला मी बाहेरून बसले, पास झाले आणि एका खेड्यातल्या शाळेत लागले. तिथं माझ्याकडे पोरं आणून सोडतात. चावणारं, चोरणारं, मुतणारं, वर्ष वर्ष न बोलणारं. आणणारा म्हणतो, "बाई, हे लई वाईट हाय, सरळ करा." मी पोराजवळ खाली बसते, सगुणामावशीनं विचारलं ते विचारते आणि वाट बघते. कधी महिना जातो. जाऊ दे. आणि अंगावर डाग दिसला की पोर परत देत नाही. एकदा दिलं, तेवढं बास. नोकरी जाईल म्हणून मला दम भरतात. भरा.

नाव सांगायची सवय मला बोर्डिंगानं लावली, ती मी मोडलेली नाही. फक्त पोराचं नाव सांगत नाही. डाग देणाऱ्याचं सांगते. भर चावडीवर, मोठ्यानं, त्याच्या बापासकट.